सेनोबियोनं बांधलेलं इंजिन

सेनोबियो सिर्पा माझा धाकटा भाऊ. गेल्या ऑगस्टात गेला. आपल्या मिनीबसच्या लाइनमधल्या नवीन ड्रायव्हरांना तो माहीत नाही. जुन्यांना माहीत आहे, पण चुकीचा माहीत आहे. म्हणून पहिल्यापासून सांगते.

त्याच्या मयताच्या जेवणाला डोन अबुंदियो लारुता आले होते. हातात ताट, ताटात मी स्वतः वाढलेलं मटण आणि चुन्योचे काळे बटाटे, आणि तोंडात घास असतानाच शेजारच्याला म्हणत होते, "माणूस सोन्यासारखा हो. पण इंजिनकाम काही त्याच्या हातात नव्हतं. माझ्या गाडीचं काय केलं होतं, आठवतंय ना?"

शेजारचा म्हणला, "आठवतंय की. रोज उकळायची." आणि दोघं हसले. मयताच्या घरात. मी मागं पातेलं घेऊन उभी होते. हात भाजत होता तरी खाली ठेवलं नाही, कारण खाली ठेवलं असतं तर ते त्यांच्या डोक्यावर ओतलं असतं.

आमची आई गेली तेव्हा सेनोबियो सहा वर्षांचा होता आणि मी पंधराची. त्याला मीच वाढवला. शाळेत त्याचं मन नव्हतं, पण घरातलं घड्याळ, शेजाऱ्याचा रेडिओ, काय सापडेल ते खोलायचा. खोलायचा ते परत बसवायचा पण, आणि एकही स्क्रू उरायचा नाही. पुढं लष्कराच्या गाड्यांवर शिकला. आल्यावर रिओ सेकोला पत्र्याचं गॅरेज टाकलं, आणि मी त्याच्या दारात चाइरोचा टोप घेऊन बसायला लागले. पहाटे पाचला ड्रायव्हर यायचे, गरम सूप प्यायचे, घाट उतरून खालच्या शहरात जायचे.

त्याचं काम बघायला पाहिजे होतं तुम्ही. इंजिन खोललं की प्रत्येक नटबोल्ट अंड्यांच्या ट्रेमध्ये ओळीनं. लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि एक कानाला लावून डोळे मिटून ऐकायचा. एकदा एकानं विचारलं, "मिस्त्री, काय म्हणतंय?" हा म्हणला, "म्हणतंय, मालक तेल बदलत नाही आणि बाहेर सांगतो बदललं म्हणून."

आणि एक त्याचा हट्ट होता. इथं वर सगळे मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात, तुम्हाला माहीत आहे. पाणी गरम होईपर्यंत अडवून धरतो तो. लोक म्हणतात, इथं एवढ्या उंचीवर पाणी सत्त्याऐंशीलाच उकळतं, मग त्याला अडवायचं कशाला, फिरू द्या. सेनोबियो कुणाचाच काढायचा नाही. म्हणायचा, "पहाटे उणे पाच असतं. थंड इंजिन पळवलं की नवीन रिंगा सहा महिन्यांत झिजतात. तुम्ही स्वतः पहाटे सूप पिऊन निघता, आणि इंजिनाला उपाशी पळवता?" लोक हसायचे.

आता माझं. माझा नवरा घाटात गेला, त्याच वर्षी माझं बाळ गेलं. तेव्हापासून मला पांढऱ्या पायाची म्हणतात. तोंडावर नाही, पण म्हणतात. ड्रायव्हर लोकांचं असलं भलतं असतं. माझ्याकडं पाणी प्यायला आणि पुढच्या चौकात पंक्चर झाला, की तो पोरगा महिनाभर पलीकडच्या बाजूनं चालायचा. माझ्याकडं गिऱ्हाईक यायचं ते सेनोबियोमुळं. मिस्त्रीची बहीण म्हणून.

डोन अबुंदियो तेव्हा लाइनचे सेक्रेटरी होते. त्यांच्या धाकट्या पोरीचं जावळ सेनोबियोनं काढलेलं, म्हणून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणायचे. त्या वर्षी लाइननं ठरवलं की बेचाळीसच्या बेचाळीस गाड्यांचं काम एकाच गॅरेजला द्यायचं. गॅरेजं दोन होती, एक सेनोबियोचं, आणि दुसरं दोन गल्ल्या सोडून वेन्सेस्लाओ तार्कीचं. अबुंदियोच्या मिनीबसचं हेड फाटलं होतं, इंजिन तेल प्यायला लागलं होतं. ते म्हणले, "कोंपाद्रे, माझं इंजिन तुम्ही बांधा. नीट चाललं तर मी मीटिंगमध्ये उभा राहून तुमचं नाव घेतो." म्हणजे सगळं त्या एका इंजिनावर होतं. सेनोबियोला माहीत होतं, मला माहीत होतं, तार्कीला सगळ्यात जास्त माहीत होतं.

एकोणीस दिवस लागले. बोअर, नवीन पिस्टन, रिंगा, हेडचा तळ सपाट घासून आणला, रेडिएटर आतून साफ, वॉटर पंप नवा. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मी सूप ढवळत होते, आणि मला आवाजच आला नाही. म्हणलं, बंद पडलं का काय. तो हसला. म्हणला, "ताई, चालूच आहे. हात लावून बघ."

मग पहिल्या शुक्रवारी चाल्याची पूजा. इंजिन नवीन झालं म्हणजे पाचामामाला, धरणीमायला पाजल्याशिवाय, गाडीला भरवल्याशिवाय रस्त्यावर कोण काढतं. हार, कागदी फिती, बिअर, कागदाचे तुकडे, सगळं आणलेलं. चाल्या करायला एक मानाची बाई लागते. अबुंदियोची बायको डोन्या हुस्तिना म्हणली, माझी बहीण करेल. सेनोबियो म्हणला, "माझी ताई करेल. इंजिन मी बांधलंय, मान माझ्या घरचा."

हुस्तिनानं नवऱ्याकडं बघितलं. अबुंदियो नाही म्हणू शकले नाहीत. सेनोबियोनं ते माझ्यासाठी केलं. सेक्रेटरीची गाडी माझ्या हातानं रस्त्याला लागली आणि नीट चालली, तर लोकांची तोंडं बंद होतील असं त्याला वाटलं. तो बोलून दाखवायचा नाही, पण मी त्याला वाढवलाय, मला कळतं.

अबुंदियोंचं म्हणणं, इंजिन चालू ठेवा, जिवंत असतानाच पाजायचं. सेनोबियो आत बसला, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून. मी पुढं. पिवळ्या-पांढऱ्या कागदाच्या तुकड्यांच्या दोन पिशव्या माझ्या, आणि अर्धी हुस्तिनानं पुढं केलेली. मी मूठभर घेतले आणि गाडीच्या तोंडावर टाकले. वरच्या फटीतून पंख्यानं सुर्रकन आत ओढले. सगळे ओरडले, "खातेय! खातेय बघा!"

"भरवा, डोन्या प्रिमितिवा! भूक लागलीय तिला!"

मी भरवलं. मुठीमागून मूठ. फुलांच्या पाकळ्या पण. टाळ्या वाजत होत्या. वरून चार बाटल्या बिअर ओतली. मी इतकी हसले त्या दिवशी, की हुस्तिना पण हसली आणि माझ्या गळ्यात फीत टाकली. नवरा गेल्यापासून कुणी माझ्या गळ्यात काही टाकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी गाडी वाफ सोडत गॅरेजच्या दारात आली.

"कोंपाद्रे," अबुंदियो उतरले, "तुमचं इंजिन चहा करतंय."

"चाललं की तुमचं, आणि उकळलं की माझं?" सेनोबियो म्हणला. तोपर्यंत गंमतच होती. "थांबा, झाकण उघडू नका. थोबाड भाजेल, मग बायको माझ्याकडं बदलून मागेल."

थंड झाल्यावर बघितलं. पाणी कमी, बेल्ट नीट. म्हणला, पाण्यात हवा राहिली असणार, नवीन कामात राहते. रेल्वेच्या बाजूच्या चढावर गाडी नाक वर करून लावली, इंजिन चालू ठेवून थेंब थेंब पाणी घातलं, बुडबुडे बंद होईपर्यंत. उभी असताना काटा जागचा हलला नाही. अबुंदियो गेले.

दुसऱ्या दिवशी घाट चढताना परत उकळली, त्याच वळणाला. प्रवासी उतरले, काहींनी पैसे परत मागितले, एका म्हातारीनं अबुंदियोंना शिव्या दिल्या.

सेनोबियो म्हणला, नवीन गॅस्केटमधून जळका गॅस पाण्यात जातोय का बघू. रेडिएटरच्या तोंडाला पोरांचा लाल फुगा बांधला आणि इंजिन पळवलं. सूप प्यायला आलेला एक ड्रायव्हर म्हणला, "वाढदिवस कुणाचा, मिस्त्री?"

"तुझ्या अकलेचा," सेनोबियो म्हणला. "पहिलाच आहे."

फुगा जरासा उभा राहिला, तेवढाच. गरम पाण्यानं तेवढा होतोच. गॅस असता तर टम्म झाला असता. म्हणजे गॅस्केट चांगलं. पण अबुंदियोंना पटेना. "फुग्यावर काय इंजिन कळतं? उघडा." मग यानं हेड परत उतरवलं. स्वतःच्या वेळानं, स्वतःच्या खर्चानं नवीन गॅस्केट. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून कागदाएवढी पातळ पत्ती सरकवून बघितली, कुठं जात नव्हती. पाण्याची भोकं भोकांवर बरोबर. सगळं बरोबर. परत बांधलं. परत उकळली.

चुकीचं काही सापडलं असतं तर बरं झालं असतं. माणूस चूक सुधारतो. यानं चूक शोधायची आणि चूकच नाही. जेवण जाईना. माझ्यापुढं ताट घेऊन बसायचा आणि बोटानं चुन्यो इकडून तिकडं सरकवायचा.

"ताई, पाणी फिरतंय. पंप ढकलतोय. गॅस नाही. तेल नीट. आग वेळेवर पडतेय. मग गरमी जाते कुठं?"

"मला काय विचारतो?"

"तुला नाही. मोठ्यानं विचारतोय."

दुसऱ्या आठवड्यात तार्की माझ्याकडं सूप प्यायला यायला लागला. त्याआधी कधी आला नव्हता. वाडगा घेऊन गॅरेजकडं तोंड करून उभा राहायचा.

"मिस्त्री, थर्मोस्टॅट काढा की. आभाळाशेजारी राहतो आपण. इथं पाण्याला अडवायचं नसतं."

सेनोबियोनं थर्मोस्टॅट काढला, माझ्या दुधाच्या भांड्यात पाण्यात सोडला, थर्मामीटर धरला आणि माझ्या शेगडीवर ठेवला. सगळे वाकून बघत होते. ब्याऐंशीला मधली टिकली उघडली, पूर्ण. "दिसलं?" म्हणला. "पाणी उकळायच्या आधी दार सताड उघडं. हा अडवत नाही."

तार्की म्हणला, "भांड्यात उघडतो. भांडं घाट चढत नाही."

सगळे हसले. अबुंदियो पण. त्या दिवसापासून ते त्याला कोंपाद्रे म्हणायचे बंद झाले. मिस्त्री म्हणायला लागले.

तुम्ही विचाराल, गाडीच्या पुढं का नाही बघितलं. बघितलं की. पण चाल्याचं सामान कुणी हातानं काढतं का? हार वाळून आपोआप पडेपर्यंत राहू द्यायचा, गाडीचं तोंड धुवायचं नाही, दिलेलं परत घ्यायचं नाही. तुम्ही पण घेत नाही, मी पण घेत नाही. सेनोबियोनं मनात माफी मागून दोन बोटांनी हार बाजूला केला, पुढची जाळी बघितली. स्वच्छ. हार परत ठेवला. पुढची जाळी एसीची असते. इथल्या थंडीत एसी कोण लावतं, पण परदेशातून जुन्या आलेल्या गाडीला ती असतेच. रेडिएटर तिच्या मागं, मधे बोटभर जागा. त्यानं रेडिएटर चाल्याच्या आधी स्वतः साफ केलेला, त्यामुळं त्याच्यावर संशयच नाही.

तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी त्याला सापडलं. गाडी दारात चालू होती, मी शेगडीवर चीजचे वडे तळत होते, आणि तेल फार तापून धूर झालेला. तो गाडीच्या तोंडाशी उकिडवा बसून सिगारेट ओढत होता. बराच वेळ माझ्या शेगडीकडं बघत राहिला. मग म्हणला, "ताई, शेगडी उचल. इकडं आण."

"तळण चालू आहे!"

"आण गं."

गाडीच्या नाकाशी शेगडी ठेवली. धूर सरळ वर गेला, आमच्या डोळ्यांत.

"बघ," तो म्हणला. "पंखा आत फिरतोय. धूर आत ओढायला पाहिजे. ही श्वासच घेत नाहीये."

पुढच्या अर्ध्या तासात रेडिएटर बाहेर. आणि त्याच्या तोंडावर, वरपासून खालपर्यंत, एक थर. बोटाएवढा जाड. वाळलेल्या गोधडीसारखा. नखानं उचलला तर सबंध सोलून आला. बिअरनं चिकटलेला, गरमीनं भाजलेला, मधे काळ्या पडलेल्या पाकळ्या, आंबूस वास. पिवळा आणि पांढरा कागद.

मी बघितलं. तिथंच टायरवर बसले.

"किती भरवलंस?" त्यानं विचारलं.

"दोन पिशव्या. आणि हुस्तिनाची अर्धी."

तो हसायला लागला. खरंच, पोट धरून. "भुकेली होती म्हणजे! आणि मी तिचं पोट तपासतोय तीन आठवडे, आणि चोंदलंय नाक!" हसता हसता डोळे पुसले. मला पण हसू आलं. मी म्हणलं, "चल, अबुंदियोला बोलवू. हा थर दाखवू. तुझं इंजिन बरोबर होतं पहिल्या दिवसापासून."

तेव्हा तो थांबला. थर घडी घालून माझ्या शेगडीत टाकला. ओढून काढायला गेले तर माझा हात धरला.

"कुणाला सांगायचं नाही."

"का? वेडा आहेस का?"

"सांगितलं तर काय म्हणतील? सेनोबियोनं इंजिन चांगलं बांधलं, पण त्याच्या बहिणीच्या हातचं पाचामामानं घेतलं नाही. थुंकून टाकलं. उद्यापासून तुझ्या टोपाकडं एक गाडी थांबणार नाही, ताई. तू काय खाणार?"

"आणि तुझं नाव?"

"गाडी घाट चढली की झालं. चढलेली गाडी बोलते. मी कशाला बोलू?"

आयुष्यात त्यानं एवढीच चूक केली. त्याला वाटलं काम बोलतं.

आम्ही दोघं गाडी घेऊन खाली शहरात गेलो आणि घाट चढून आलो. त्या वळणाला त्यानं गाडी मुद्दाम हळू केली, मागचे हॉर्न वाजवायला लागले. काटा मध्यावर. तो काचेवर टिचकी मारून म्हणला, "चढ, बाई, चढ." काट्याला का गाडीला, कुणास ठाऊक.

दुपारी अबुंदियो आले. "काय होतं?"

"हवा जात नव्हती."

"परत हवा? पहिल्या दिवशी पण हवाच म्हणला होतात."

"तेव्हा पाण्यात हवा होती. आता बाहेरची हवा रेडिएटरला लागत नव्हती. कचरा बसला होता."

"कसला कचरा?"

सेनोबियोनं माझ्याकडं बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. "रस्त्याचा," म्हणला.

"एकोणीस दिवस तुमच्याकडं होती. चार दिवस रस्त्यावर. चार दिवसांत रस्ता माझ्या गाडीच्या नाकात शिरला?" अबुंदियोंनी चावी घेतली. "मिस्त्री, लपवायचं असलं तर नीट तरी लपवा."

मी तिथंच होते. वडे विकत होते. एका गिऱ्हाइकाला विचारत होते, तिखट घालू का.

अबुंदियो घाटात गेलेच नाहीत. थेट तार्कीकडं गेले. त्यानं दहा मिनिटांत थर्मोस्टॅट काढून फेकला, म्हणला, आता जा. गेली. चढली. चढणारच होती, सकाळीच चढली होती! पण तार्कीच्या हातून चढली म्हणून ती त्याची झाली.

रविवारी मीटिंग. युनियनच्या हॉलच्या दारात मी टोप घेऊन. आत अबुंदियो उभे राहिले, थर्मोस्टॅट दोन बोटांत धरून. "भावांनो, ही एवढीशी टिकली. हिनं माझे तीन आठवडे खाल्ले. काहींना हट्ट असतो, आणि हट्टाला काम देता येत नाही."

लोक वळून सेनोबियोकडं बघायला लागले. तो मागच्या बाकावर, टोपी मांडीवर. कुणीतरी म्हणलं, "मिस्त्री, काय बोलायचंय?"

तो उभा राहिला. माझ्याकडं बघितलं. मी दारात, हातात पळी. त्यानं मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. मग म्हणला, "गाडी चढतेय ना? मग झालं."

आणि मी बोलले नाही. तोंड होतं मला. साठ माणसं होती, सगळी माझं सूप प्यायलेली. मी पळी टोपात घातली आणि ढवळलं.

बेचाळीस गाड्या तार्कीला गेल्या. त्याच्यामागून बाकीच्या पण, कारण लाइन जिथं जाते तिथं लोक जातात. सेनोबियोकडं पंक्चर आणि बल्ब. दीड वर्षात गॅरेज बंद केलं. मग खाली मापिरीच्या नदीकाठी सोन्याच्या खाणीवर पंप दुरुस्त करायला गेला. गरम प्रदेश, डास, चिखल. नऊ वर्षं काढली तिथं. ऑगस्टात पाण्यात अडकलेला एक पंप ओढायला उतरला आणि वरून काठ कोसळला. दुसऱ्या दिवशी काढला. हात छातीशी होते. मी आंघोळ घातली तर नखांतला काळा मळ निघत नव्हता, ते ग्रीस होतं का नदीचा गाळ, मला कळलं नाही.

लाइननं माझ्याकडं सूप पिणं थांबवलं नाही त्या सगळ्या वर्षांत. त्यानं ते असं विकत घेऊन दिलं होतं मला.

आठव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर मी अबुंदियोंना चर्चच्या पायरीवर धरलं. सगळ्यांसमोर सांगितलं. कागद, थर, पिवळा-पांढरा, शेगडी, सगळं.

ते म्हणले, "डोन्या, गेलेल्याला वाचवायला चाल्याला नावं ठेवू नका. पाप लागेल."

"चाल्याला नाही. कागदाला. आणि माझ्या हाताला."

हुस्तिना मागं होती. तिला आठवलं, मला दिसलं तिच्या तोंडावर. तिची अर्धी पिशवी होती. ती नवऱ्याची बाही ओढून म्हणली, "चला." बस.

दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडं कुणी थांबत नाही. सेनोबियो म्हणला होता तसंच. अकरा वर्षांनी पण त्याचा अंदाज चुकला नाही. एक पोरगा, माझ्याच हातचं पिऊन मोठा झालेला, खिडकीतून म्हणला, "मावशी, राग मानू नका, आज नवीन क्लच टाकलाय." रोज अर्धा टोप शेजारच्या कुत्र्यांना जातो. जाऊ दे. कुत्री माजलीत.

परवा पहाटे मात्र अबुंदियो आले. एकटे, गाडी पलीकडच्या कोपऱ्यावर लावून. सूप घेतलं नाही. म्हणले, "डोन्या, हुस्तिनानं सांगितलं मला. कागद तिनं पण दिला होता. मला पटलंय तुमचं."

"मग रविवारी मीटिंगमध्ये सांगा."

ते जमिनीकडं बघत म्हणले, "आता तार्की सेक्रेटरी आहे. मी उभा राहिलो तर... तुम्हाला माहीत आहे कसं असतं. आणि गेलेल्याला आता काय फरक पडतो?"

"तुम्ही त्याच्या मयतात हसलात," मी म्हणलं.

"ते तेव्हा."

"ते गेल्याच ऑगस्टात, डोन अबुंदियो. आता उभं राहायचं नसेल तर माझ्या दारात पण उभं राहू नका."

ते गेले. जाताना इकडं तिकडं बघितलं, कुणी बघत नाही ना.

म्हणून हे लिहिलंय आणि लाइनच्या ग्रुपवर टाकतेय. ग्रुप तार्कीचा पोरगा चालवतो, पुसून टाकेल, मला माहीत आहे. पुसायच्या आधी ज्यांनी वाचलं त्यांना सांगते. अबुंदियो लारुताच्या गाडीचं इंजिन सेनोबियो सिर्पानं बांधलं, नीट बांधलं. त्यात चूक नव्हती. कागद मी घातला. तो गप्प बसला माझ्यासाठी, आणि मी गप्प बसले पोटासाठी, ते एकसारखं नाही. मला हात जोडलेली चित्रं पाठवू नका. रविवारी मीटिंग आहे. एकानं उभं राहून त्याचं नाव घ्यावं, मिस्त्री म्हणून. कुणी घेतलं नाही तर मी आत येऊन घेणार आहे, आणि या वेळी हातात पळी नसेल.